पलंगाच्या फळीचे स्टँड

जन्मभर लोकांच्या भिंतींत वायरी घातलेल्या वायरमनच्या स्वतःच्या घरात स्पीकर मात्र प्लास्टिकच्या स्टुलांवर डुगडुगत होते. काम सुटल्यावर त्याने त्यांच्यासाठी स्टँड करायला घेतले. वारलेल्या आईच्या पलंगाची उशाकडची फळी कापून त्याने दोन पोकळ खांब जोडले. फळीवरची कोरीव वेल दोन्ही खांबांवर खालून वर चढेल, असं त्याने नीट बेतलं होतं. पॉलिश वाळल्यावर त्याला वाटलं, आपलीच नजर लागायची.

ताई आली ती पलंग न्यायला. आईचं दुखणं तिनेच काढलं होतं, तिच्या उशाशी त्याच फळीला टेकून देवाचं नाव घेतलं होतं. स्टँड दिसताच ती दारातच थबकली.

"ही वेल कुठली रे?"

"पलंग नुसता धूळ खात होता, ताई. बघ तरी, किती देखणे झालेत!"

"झालेत की. कसायाचा हातसुद्धा सफाईदारच असतो."

"तुला गाण्यातलं काय कळतंय?"

"तुला कळतंय ना? मग आई हाका मारायची, ते कसं ऐकू येत नव्हतं?"

ताईने स्पीकर उतरवला आणि स्टँडला हात घातला. तो तसूभर हलेना.

"थरथरू नये म्हणून आत वाळू भरलीय," तो घाईघाईने म्हणाला. "तुझ्याच्याने नाही उचलवणार."

ताईने खांब आडवा पाडला, बुडाचं बूच उपटलं आणि सगळी वाळू त्याच्या गालिच्यावर ओतली. मग रिकामा खांब खांद्यावर टाकून म्हणाली, "दार धर. दुसरा न्यायला येतेच."