पिल्लापुढची ताटली

तुमच्या घरात रात्री उरलेलं अन्न सकाळी कोणापुढे जातं?

घाईने उत्तर देऊ नका. आमच्या घरचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे: कोणापुढेच नाही. खडकीच्या क्वार्टर्समधल्या आमच्या दोन खोल्यांत आई मोजकाच स्वयंपाक करते आणि तो संपतो. यामागे काटकसर नाही. माझ्या पणजीच्या पदरात गावाने उरलंसुरलं दुरून टाकलेलं आहे. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली, गाव सोडलं, इथे कारखान्यात लागले आणि घराला दोन नियम घालून दिले. पहिला नियम असा की उरलेलं खायचं नाही आणि कोणाला द्यायचंही नाही. दुसरा असा की जेवणारा स्वतः उठेपर्यंत त्याच्यापुढचं पान कोणी उचलायचं नाही. लहानपणी एका लग्नात त्यांना पंगतीतून उठवलं होतं, घास हातात असताना. पान मागून कोणीतरी ओढून घेतलं होतं. हे ते आम्हाला कधी रडून सांगत नसत. पाढे शिकवावेत तसं सांगत.

आजोबा गेले, नियम राहिले. पप्पाही त्याच कारखान्यात, युनियनमध्ये. घरात पत्रकांचे गठ्ठे यायचे, त्यांच्या घड्या घालायचं काम माझ्याकडे असायचं आणि घड्या घालता घालताच मी वाचायला शिकले. पत्रक कसं लिहावं याबद्दल पप्पांचा दंडक आहे: सुरुवात प्रश्नाने करावी, शेवट मागणीने करावा, मधे रडगाणं गाऊ नये. मी अजून तसंच लिहिते.

तर अशा घरात गेल्या वर्षी एक पिल्लू आलं.

आई महापालिकेच्या शाळेत शिकवते. एका संध्याकाळी ती परतली तेव्हा तिच्या कापडी पिशवीत वह्यांच्या जागी ते होतं. क्वार्टर्सच्या मागे कुत्रीला झालेल्या पिल्लांपैकी हे एकच उरलं होतं. बाकीची उलट्या आणि रक्ताच्या जुलाबांनी आठवड्याभरात गेली होती. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, जंताचं औषध दिलं आणि स्पष्ट सांगितलं, "लस आज देणार नाही. फार अशक्त आहे. आधी त्याला खाऊ घाला, अंगात भरू दे. आणि लस मिळेपर्यंत घराबाहेर जमिनीवर सोडायचं नाही. तोच आजार याला झाला तर हे टिकणार नाही."

म्हणजे सगळं त्याच्या खाण्यावर आलं. खाल्लं तर लस, नाही तर भावंडांच्या वाटेने.

नावावर घरात एकमत झालं नाही, त्यामुळे पिल्लूच राहिलं. पहिल्या दिवशी पप्पा म्हणाले, "आधी त्याला वाढ. आपल्याच भांड्यातलं, ताजं." आईने स्टीलच्या ताटलीत गरम भात आणि लसणाची फोडणी दिलेली मसुरीची आमटी वाढली. पिल्लाने वास घेतला, एक पाय भातात ठेवला, विचार केला आणि कॉटखाली निघून गेलं. दुसऱ्या दिवशी रश्श्यात कुस्करलेली भाकरी. दोन वेळा जीभ लावली, शिंकलं, पुन्हा कॉटखाली.

"हे संपावर गेलंय," पप्पा म्हणाले. "मागण्या तरी कळू देत."

"लेखी दिल्याशिवाय तुमची युनियन कधी कोणाचं ऐकते का?" आई म्हणाली.

मग मी सूत्रं हातात घेतली. फोनवर श्वानप्रेमींचे तीन गट सापडले. एका गटात कच्च्या मांसाशिवाय सगळं पाप होतं, दुसऱ्यात धान्य म्हणजे विष, तिसऱ्यात परदेशी खाण्याची पिशवी म्हणजे माया आणि बाकी सगळं म्हणजे छळ. मी तिन्ही ठिकाणी भांडले आणि तिन्ही ठिकाणचं थोडं थोडं करून पाहिलं. सकाळी अंडं, दुपारसाठी दहीभात, संध्याकाळी दुकानातून आणलेल्या कोरड्या खाण्याच्या छोट्या पुड्या. एका पुडीवर उड्या मारणारा गुबगुबीत विलायती कुत्रा होता आणि आत सॅमन मासा असल्याचं लिहिलं होतं.

पप्पांनी पुडी उलटसुलट करून पाहिली. "खडकवासल्याचं पाणी पिणाऱ्या कुत्र्याला सॅमन कशाला?"

"पप्पा, त्यात तेल असतं. चांगलं."

"असेल. पण त्याला विचारलंस का?"

त्यालाही सॅमन नको होता. त्याला काहीच नको होतं, आणि ताटली मात्र दिवसभर समोर असायची, कारण आमच्या घरात ताटली उचलत नाहीत. शिळं झालं की आई ते फेकून ताजं वाढायची. पिल्लाचं पोट बिघडलं. उचलून घेतलं की बोटांना बरगड्या लागायच्या.

आम्ही तिघंही पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वजन घटलं होतं. त्या म्हणाल्या, "काल सकाळपासून याच्या तोंडात काय काय गेलं ते सांगा. सगळं."

आम्ही सांगितलं. आमटीपाशी त्यांनी हात वर केला. "कांदा-लसूण आजपासून बंद. शिजवलेलासुद्धा. कुत्र्यांच्या रक्तावर त्याचा परिणाम होतो."

"पण आम्ही त्याला आमच्याच भांड्यातलं देतो," पप्पा म्हणाले. ते वाक्य आमच्या घरात फार मोठं आहे.

"तेच बंद करायचंय, काका." त्यांना आमचं घर माहीत असायचं काही कारण नव्हतं. "हे बघा, पिल्लांसाठीचं कोरडं खाणं घ्या, कुठलंही एक चांगलं, आणि एकच. कोमट पाण्यात भिजवा. वर चमचाभर उकडलेलं चिकन नाहीतर लाल भोपळा. मीठ नाही, मसाला नाही. रोज नवीन पदार्थ आणलात की पोट बिघडतं, आणि उद्या आणखी काहीतरी येणार हे त्याला कळतं. दिवसातून चार वेळा, ठरलेल्या वेळी. वीस मिनिटं ठेवायचं. नाही खाल्लं तर उचलायचं. मधे काहीही नाही."

"उचलायचं?" पप्पांनी विचारलं.

"उचलायचं. पण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर वाट बघत बसू नका, लगेच इकडे या. एवढं पिल्लू उपाशी ठेवण्यासारखं नसतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि याला आणखी कोणी तरी भरवतंय. जिभेला गोडाची सवय लागलीय."

"कोणी नाही," मी छातीठोकपणे म्हणाले.

क्वार्टर्समध्ये परतलो. पिल्लू माझ्या हातात. तळमजल्यावरच्या काकूंच्या बंद दारापाशी त्याची शेपटी माझ्या कोपरावर आपटायला लागली. मी दोन पायऱ्या चढले, शेपटी थांबली. पहिल्या मजल्यावर डावीकडच्या दारापाशी पुन्हा सुरू. उजवीकडच्या दारापाशी तर ते कुईकुई करायला लागलं. मी मुद्दाम खाली जाऊन पुन्हा वर आले. शेपटीने एकही दार चुकवलं नाही.

आई शाळेत, पप्पा पाळीवर, मी कॉलेजात. दुपारी पिल्लू गॅलरीत जाळीआड असायचं आणि किल्ली काकूंकडे. सगळा जिना माणुसकीने वागत होता.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहायला बसले. मथळा: "जिन्यातील समस्त बिस्किटदात्यांना जाहीर सवाल!" पप्पांनी लाल पेन घेऊन वाचलं.

"'अमानुष बिस्कीट' काढ. बिस्कीट अमानुष नसतं. आणि 'षड्‌यंत्र' पण काढ. मागणी काय आहे तुझी?"

"बिस्कीट बंद करा."

"मग तेवढंच लिही. आणि कारण लिही. कारण लिहिलं नाही तर लोकांना ती दमदाटी वाटते."

कारण लिहिलं: या पिल्लाने खाल्लं नाही तर त्याला लस मिळणार नाही, आणि लस मिळाली नाही तर मागच्या अंगणात काय झालं ते आपण सर्वांनी पाहिलं आहे. झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येक दाराच्या फटीतून एकेक आत सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू कागद घेऊन वर आल्या. काकूंचं माहेर सदाशिव पेठेतलं आहे आणि त्या हे जिन्यात कोणालाही विसरू देत नाहीत.

"काय गं, माझ्या दोन बिस्किटांवर मोर्चा आणणार का?"

"काकू, तुमची दोन, वरच्यांची दोन, त्यांच्या समोरच्यांची दोन. ते एवढंसं आहे."

"मी आपली दोनच देते. आणि कधी रात्रीची पोळी."

माझं डोकंच फिरलं. "शिळी? काकू, आमच्या घरात कोणाला उरलेलं देत नाहीत!"

"अगं, ती पोळी आम्ही पण खातो. फोडणी घालून. तुझ्या कुत्र्याला साधी मिळते, म्हणजे त्याचं जरा बरंच आहे."

आई स्वयंपाकघरात हसली. मग बाहेर येऊन तिने संधी साधली. "अहो काकू, दुपारचं जेवण तुम्हीच घालाल का? मी भिजवायचं सगळं काढून ठेवीन. वीस मिनिटं ठेवायचं आणि उचलायचं. जमेल?"

"जमेल म्हणजे? वेळ पाळायला मला शिकवणार का आता?"

पप्पा संध्याकाळी पाळीवरून आले तेव्हा काकूंनी दारातच हिशोब दिला. "वास घेतला, तोंड फिरवलं. वीस मिनिटं झाली, उचलली."

पप्पा वर आले आणि बूट न काढता खुर्चीत बसले. "काकूंनी उचलली? याच्यापुढून?"

"ठरलंच होतं," मी म्हणाले.

"ठरलं होतं. मला ते डोळ्यांसमोर येतंय."

काकूंनी काहीही वावगं केलं नव्हतं, हे पप्पांनाही माहीत होतं. पण आमच्या घरात त्या चित्राला एक जुनं चित्र चिकटलेलं आहे, आणि ते सुटं करून पाहायला कोणी शिकवलेलं नाही.

पाच वाजता ताटली ठेवली. भिजवलेलं खाणं, वर भोपळा. पप्पा शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. पिल्लाने वास घेतला, भोपळ्याचा एक तुकडा बाजूला काढून जमिनीवर ठेवला आणि दाराकडे पाहत बसलं. बिस्किटाची वाट पाहत होतं. वीस मिनिटं झाली. पप्पा हलले नाहीत.

"पप्पा, उचला."

"मी नाही उचलणार. आणि इथे कोणीच उचलायची नाही."

"मग ते मरेल! नियमाने जगणार आहे का ते?" मी ओरडले. मी पप्पांवर ओरडत नाही. आमच्यात वाद होतात, आवाज चढत नाही.

आई कणीक मळत होती. हात तसेच घेऊन ती बाहेर आली. "अहो, मामंजींना पंगतीतून उठवलं, त्यानंतर कोणी परत बोलवायला आलं होतं का?"

पप्पा म्हणाले, "नाही."

"याला आपण साडेसातला परत बोलावतोय. उद्या सकाळी परत. दुपारी काकू. रोज. कोणी त्याला उठवत नाहीये. जेवणाला वेळ लावतोय."

पप्पांनी ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि पिल्लाला म्हणाले, "सभा तहकूब. साडेसातला पुन्हा भरेल."

साडेसातला पुन्हा ताजं भिजवलं. पिल्लू ताटलीच्या जागेपासून जरा लांब बसलं होतं, जणू सहज आलंय. मग पुढे आलं. एक दाणा उचलला, चावला, आमच्याकडे पाहिलं. कोणी वाहवा केली नाही, आईने डोळ्यांनी दटावलं होतं. त्याने निम्मी ताटली खाल्ली. पप्पांनी राहिलेलं उचललं आणि बेसिनपाशी जाऊन नळ मोठा सोडला.

दोन दिवसांनी दुपारी काकूंचा फोन आला, मी वर्गात असताना. "संपवलं गं. भोपळासुद्धा! ताटली चाटून इतकी लख्ख केली की घासायची गरज नाही. पण घासली."

पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी वजनाचा काटा पाहिला, पिल्लाच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि लशीची बाटली काढली. सुई टोचली तेव्हा ते ओरडलं नाही, पप्पाच "हं" म्हणाले.

पुढचे डोसही झाले, पिल्लू आता जिन्यात उतरतं. शेपटी अजूनही त्या तिन्ही दारांपाशी हलते, दारंही उघडतात, पण हात रिकामे असतात. काकू रिकाम्या हाताने त्याच्याशी भरपूर बोलतात, बहुतेक माझ्याविरुद्ध. पहिला नियम आम्ही सोडलेला नाही. उचललेलं खाणं पुन्हा त्याच्यापुढे ठेवत नाही, दर वेळी ताजं भिजवतो, आणि डॉक्टरीणबाईही म्हणतात, तेच बरोबर. दुसऱ्या नियमात पप्पांनी एक दुरुस्ती सुचवली, ती एकमताने मंजूर झाली: ताटली उचलणाऱ्याने पुढची वेळ सांगितली पाहिजे.

पत्रकाचा शेवट मागणीने करायचा असतो, तर माझी मागणी ही. तुमच्या जिन्यात, गल्लीत, शेजारच्या गॅलरीत एखादं पिल्लू तुमच्याकडे बघून शेपटी हलवत असेल तर बिस्किटांच्या पुड्यात घातलेला हात आज बाहेर काढा. त्या घराचं दार वाजवा आणि विचारा, "याच्या जेवणाची वेळ काय? आणि एखादी वेळ मी सांभाळू का?"