बद्रीनाथच्या न भरणाऱ्या टाक्या

टाकी बांधून झाली की बद्रीनाथ ती संध्याकाळी टँकरच्या पाण्याने भरत असे. आतल्या भिंतीवर खडूने पातळीची रेघ ओढायची, झाकण लावायचे आणि घरमालकाला सांगायचे, "सकाळी चहाच्या आधी बघून घ्या." सकाळी मालक वाकून पाहायचा. पाणी रेघेच्या कितीतरी खाली गेलेले असायचे. "जिरलं," बद्रीनाथ म्हणायचा आणि नारळ फोडायचा.

त्या नारळावर त्याचे नाव झाले. खडकवासल्याच्या रस्त्याला टेकडीच्या उतारावर बंगले उभे राहिले, पण ड्रेनेजची लाइन तिथवर आली नव्हती. अजूनही आलेली नाही. तिथल्या लोकांची सेप्टिक टँककडून एकच अपेक्षा होती. ती भरू नये. मैला उपसणारी गाडी दारात उभी राहू नये आणि शेजाऱ्यांनी नाकाला रुमाल लावू नये. बद्रीनाथची टाकी भरत नाही, असे लोक पाहुण्यांनाही कौतुकाने सांगत.

न भरण्यामागे काही जादू नव्हती. तो टाकीला तळच करत नसे. भिंती विटांच्या, आतून गिलावा, वर स्लॅब आणि खाली नुसता मुरूम, त्यावर दगडांचा थर. ज्या मिस्त्रीच्या हाताखाली तो तयार झाला, तोही असेच करी आणि याला 'तळ सोडणे' म्हणे. यात काही लपवाछपवी आहे असे दोघांनाही कधी वाटले नाही. उलट तळाला सिमेंटचा कोबा करणारा गवंडी त्यांच्या लेखी अडाणी होता. पाणी जमिनीत जाते, आणि जमीन मोठी आहे, इतकाच विचार होता.

उताराच्या पायथ्याला तात्यारावांची विहीर होती.

वाशीमकडून यमुनाबाईंना घेऊन बद्रीनाथ पुण्यात आला, तेव्हा तात्यारावांच्या शेताच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहिला. आसपासच्या विहिरींवरून मजुरांना हाकलत. तात्याराव म्हणाले होते, "पान्याला कोन न्हाय म्हनतं? घागर तेवढी घासून आनत जा." पुढे तात्यारावांनी उतारावरची जमीन प्लॉट पाडून विकली आणि त्या प्लॉटांत बद्रीनाथने टाक्या खोदल्या. दोघांचेही बरे झाले. गावात नळ आले, तरी तात्याराव प्यायला पाणी विहिरीचेच घेत. अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या भाषेत आकितीला, वाडवडिलांच्या नावाने मातीचा करा भरायचा तोही याच पाण्याने.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या नातीला, ओवीला, कावीळ झाली. डॉक्टरांनी पाण्याची चौकशी केली. नमुना तपासायला गेला आणि पाण्यात मैल्याचे जंतू निघाले. ओवी बरी झाली. पण तिचा बाप संतोष म्हणाला, विहिरीवर स्लॅब टाकू, गाडी लावायला जागा होईल.

बद्रीनाथ भेटायला आला तेव्हा तात्याराव विहिरीच्या काठावर बसले होते. बद्रीनाथने पाण्यात पाहिले, मग वर उताराकडे पाहिले. एकेक बंगला त्याच्या ओळखीचा होता.

"तात्या, वरच्या टाक्या बदलतो. बंद तळाच्या करतो. पानी सुधरते हे."

"कवा?"

"टाइम लागंल थोडा."

"आकितीला करा भरायचा हाय. तवर पोराला थोपवतो. म्होरं माझं बी ऐकायचा न्हाय त्यो." तात्याराव म्हणाले, "जिमीन म्या इकली, टाक्या तू बांधल्यास. दोघं बी लई हुशार."

बद्रीनाथ दारोदार गेला. सगळीकडे एकच सांगितले, टाकी जुनी झाली आहे, बदलून देतो, मजुरी घेणार नाही. खरे कारण त्याने सांगितले नाही. सांगायचे तर तळापासून सांगावे लागले असते, आणि उतारावर त्याला जे काही नाव होते ते त्या तळावरच उभे होते.

आमोद आणि अपूर्वा या आयटी कंपनीत काम करणाऱ्या जोडप्याने कारणही विचारले नाही. "काका, फक्त वीकेंडला नको, आमचे गेस्ट्स आहेत," एवढेच अपूर्वा म्हणाली. जुनी टाकी उपसली गेली, बुजवली गेली. नवी टाकी तळासकट ओतलेली होती. तिच्यातून बाहेर पडणारे पाणी विहिरीच्या उलट अंगाला, वाळू-खडीच्या गाळणीतून पुढे जाणार होते. संध्याकाळी बद्रीनाथने सवयीने टाकी भरली, रेघ ओढली. सकाळी पाणी रेघेवरच होते. आमोद म्हणाला, "हे तर तसंच आहे." नारळ पिशवीतच राहिला.

एकेक करत बाकीचे तयार झाले. अडले ते श्रीधररावांपाशी, आणि त्यांचा बंगला नेमका विहिरीच्या डोक्यावर.

श्रीधरराव बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे कसबा पेठेतले. बद्रीनाथचे नाव उतारावर पसरवले ते त्यांनीच.

"मजुरी घेणार नाही म्हणता?" त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "मग नक्कीच काहीतरी गडबड आहे. पुण्यात फुकट फक्त सल्ला मिळतो."

"जुनी झाली साहेब टाकी."

"जुना तर मीही झालोय. सरोजिनीने अजून बदलायला काढलेलं नाही."

"विचार चाललाय," आतून सरोजिनीबाई म्हणाल्या.

"टाकी एकदा तरी भरली का? नाही. वास आला का? नाही. चालत्या वस्तूला हात लावू नये, हे आपणच मला शिकवलंत. या आता."

बद्रीनाथ पुन्हा गेला. या वेळी म्हणाला, भिंतीला तडा असेल. श्रीधररावांनी झाकण उघडायला लावले, टॉर्च मारला, तडा नव्हता. पुढच्या खेपेला तो म्हणाला, स्लॅब खचेल. श्रीधरराव त्या स्लॅबवर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बघा. अजून आहे मी."

घरी यमुनाबाई म्हणाल्या, "खरं का नाई सांगत तुम्ही त्याइले?"

"सांगतो ना."

"कवा? तात्याच्या इहिरीवर स्लॅब पडल्यावर?"

होळी झाली, पाडवा झाला. उन्हाने विहिरीचे पाणी खाली गेले. जे उरले त्यावर हिरवट साय होती.

पाडव्यानंतर श्रीधररावांनीच त्याला बोलावून घेतले. "आमोद सांगत होता, नव्या टाकीत पाणी जिरत नाही. बाकीच्यांचंही तेच. हात बिघडला का आपला?"

बद्रीनाथ पायरीवर उभा होता. "नव्या टाकीत जिरायलाच नको साहेब. जुनीत जिरत होतं. तिला तळ नाही. कोणाच्याच टाकीला नव्हता. तुमचं सगळं तात्यारावांच्या विहिरीत उतरतं."

सरोजिनीबाई ओट्याजवळचे काम टाकून दारात आल्या.

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्याचं कौतुक करत होतो," श्रीधरराव म्हणाले, "ते हे."

"हो."

"उद्यापासून काम सुरू करा. मजुरी मी देणार, त्यावर चर्चा नको." ते उठले, खिडकीतून खाली विहिरीकडे बघत राहिले. "तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा पौष होता. आता चैत्र आहे. मी विक्षिप्त असेन, पण नालायक नव्हतो हो. सांगायचंत."

काम झाले. बद्रीनाथने विहीर उपसून घेतली, औषध टाकले, नवे पाणी साठू दिले. आकितीच्या आधी नमुना पुन्हा तपासायला गेला. जंतू कमी झाले होते, पण पिण्याजोगे पाणी नव्हते. मुरमात वर्षानुवर्षे मुरलेले खाली उतरायला वेळ लागतो, असे तपासणाऱ्याने सांगितले. पौषातच सगळ्या टाक्यांचे तळ बंद झाले असते तर? ते तपासणाऱ्यालाही सांगता येईना.

आकितीच्या सकाळी तात्यारावांनी करा नळाखाली धरला. वर वाळ्याची काडी टाकली, आंबा ठेवला, हात जोडले. बद्रीनाथ फाटकापाशी उभा होता. तात्यारावांनी त्याला आत बोलावले, जेवायला वाढायला सांगितले. आमरस वाढून झाल्यावर म्हणाले, "स्लॅब तूच टाक. झाकायचं काम तुला चांगलं जमतं."

बद्रीनाथ मान खाली घालून जेवला.

स्लॅबच्या सळया बांधताना त्याने विचारले, "झाकणाला जागा कुठं ठेवू?"

"हिरीला झाकान कशापायी?"

"पुढंमागं पानी नितळलं तर बघता येईल."

तात्यारावांनी सळयांकडे पाहिले. "ठेव," ते म्हणाले. "कडंला ठेव."

स्लॅब वाळला, फळ्या निघाल्या. झाकणावर गाडी उभी राहू नये म्हणून बद्रीनाथने त्याच्या दोन्ही अंगांना विटा रचल्या. पुढच्या वेळी तो तिकडून गेला तेव्हा विटा कुंपणाशी नीट लावून ठेवलेल्या होत्या आणि झाकणावर संतोषच्या गाडीचे मागचे चाक होते.