टायरखालचा दगड

चांगदेव म्हात्रेइतका तापट माणूस अख्ख्या पेण तालुक्यात नसेल. मी त्याच्याच गावचा, त्याच्याच धंद्यातला. दिघी बंदरात कोळसा भरायचा आणि ताम्हिणी घाट चढून पुण्याकडे न्यायचा. गावात त्याला सगळे दादूस म्हणतात. त्याचा मार खाल्लेलेसुद्धा.

घाटात गाडी बंद पडली की ड्रायव्हर मागच्या टायरखाली दगड लावतो. गाडी सुरू झाली की तो निघून जातो आणि दगड तिथेच राहतो, भर वळणावर. असल्याच एका दगडावर आदळून चांगदेवचा धाकटा भाऊ दीपेश मोटारसायकलसकट दरीत गेला. तेव्हापासून चांगदेव रस्त्यात दिसेल तो दगड थांबून दरीत फेकायचा. दगड टाकून पळणारा ड्रायव्हर सापडला, तर त्याला बुकलून काढायचा. मी किती समजावलं! पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी त्याच्या केबिनमध्ये त्याची बायको नीराबाई होती. पुण्याला लेकीकडे निघाली होती. माझा ट्रक त्यांच्या मागे. वरच्या नागमोडी वळणावर एक भरलेला लाल ट्रक उभा होता, मागच्या टायरखाली भलामोठा धोंडा. चांगदेवने त्याच्या अगदी मागे गाडी थांबवली. नेमका तेव्हाच लाल ट्रकचा ड्रायव्हर केबिनमध्ये चढू लागला.

"दगर कोन उचलंल? तुजा बापूस?"

चांगदेवने त्याला कॉलर धरून खाली ओढलं आणि तोंडावर ठोसा हाणला. ओठ फाटला, दात रक्ताने माखले.

"दगड काढू नका! गाडी बंद आहे, हँडब्रेक धरत नाही!" तो ओरडत होता.

असली सबब चांगदेवने हजारदा ऐकली होती. त्याने त्याचं डोकं दारावर आपटलं. मी सोडवायला गेलो, तर माझ्या बरगडीत कोपर बसलं. मेल्याला दिसत कुणी नव्हतं, फक्त तो धोंडा दिसत होता. त्याने टॉमी, आपली लोखंडी पहार, खाली घातली आणि धोंडा उचकटून काढला.

लाल ट्रक मागे सरकला. मागे चांगदेवचा ट्रक होता, आणि केबिनमध्ये नीराबाई.

"अवो!" ती किंचाळली.

चांगदेवने तोच धोंडा उचलून टायरखाली सारला. धोंडा घसरला. मग त्याने दोन्ही हातांनी दाबून धरला. टायर धोंड्यावर चढला आणि त्याचा उजवा पंजा मधे सापडला. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला, अजून ऐकतो. ट्रक थांबला.

मी धावत जाऊन माझ्याकडचा लाकडी ओंडका टायरमागे ठोकला. जॅक लावून टायर उचलला, तेव्हा पंज्याचा नुसता लगदा निघाला. हा हात आता स्टिअरिंग धरणार नाही, हे आम्हा सगळ्यांना तिथेच कळलं. नीराबाईने पदर फाडून पंजा बांधला. माणगावच्या दवाखान्यात न्यायला एक जीप थांबली, पण चांगदेव चढेना.

"मना नंतर न्या. आदी तो दगर उचला!"

मी शिव्या घातल्या, नीराबाई रडली. तो हलेना. शेवटी फाटक्या ओठाचा तो ड्रायव्हरच पुढे आला. त्याने रक्ताने भिजलेला धोंडा उचलला, कठड्यापर्यंत नेला आणि दरीत टाकला.

चांगदेव खालून आवाज येईपर्यंत ऐकत राहिला.

"येवरंच त्या दिवशी कोनी केला असता," तो म्हणाला, आणि जीपमध्ये बसला.