आतडं मलाही आहे

“आतडं कशाला तपासायचं? आधी खाणं सुधार. तुमच्यात काय काय खातात ते मला माहीत आहे.”

डॉक्टर माझ्याकडं न बघता बोलले. दार उघडं होतं. बाहेर बाकड्यांवर पेशंट बसलेले. डॉक्टरांच्या मागं शिकाऊ डॉक्टर उभे. त्यातली एक मुलगी हसली आणि मग तिनं खाली बघितलं. मी उभीच होते. समोर खुर्ची रिकामी होती, पण बस म्हणून कुणी म्हटलं नव्हतं.

मी मूळची निपाणीची, बेळगावात हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते. चाळिशी ओलांडलेली बाई आहे. आणि हा माणूस मला अगंतुगं करत होता.

पहिल्या भेटीत त्यांनी एवढंच विचारलं होतं, “निपाणीत कुठं?” मी म्हटलं, भीमनगर. झालं. त्यांना पाहिजे ते कळलं. तिथून पुढं ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं.

माझा आजार असा की मला अजून आजार नाही. माझा मोठा भाऊ, अण्णा, पोटाच्या कॅन्सरनं गेला. चाळिशीच्या आत. शेवटी शेवटी बेंगळूरला त्याचं रक्त तपासलं, तेव्हा कळलं की आमच्या घराण्यात एक जीन बिघडलेलं आहे. आईबापाकडून पोरांत उतरतं. धाकट्या भावात ते सापडलं नाही. माझ्यात सापडलं. पोट, म्हणजे जठरच काढून टाका, असा सल्ला मिळाला. माझं मन तयार होत नव्हतं, म्हणून दर वर्षी बेळगावातच कॅम्पातल्या त्या हॉस्पिटलात जाऊन तोंडातून नळी घालून पोट आतून बघून घ्यायचं, असं ठरलं.

तिथंच मला अनुराधा भेटली. टिळकवाडीची. तिच्यातही हेच जीन. तिचा नंबर नेहमी माझ्या आधी असायचा. तिच्याबरोबर नवरा यायचा, तिची पर्स धरून उभा राहायचा. ती आत गेली की डॉक्टरांचा आवाज बदलायचा. “या, बसा, काका कसे आहेत?” कागदावर चित्र काढून सांगायचे तिला. पोट हे असं, आतडं हे असं.

त्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा खुशीत होती. माझ्या शेजारी बसून म्हणाली, “मला कोलोनोस्कोपी पण करायला सांगितलीय. मोठं आतडं आतून बघतात. या जीनमुळं आतड्याचा धोका वाढतो का ते अजून नक्की ठरलेलं नाही म्हणे. पण माझी झोप उडालीय म्हटल्यावर म्हणाले, करून टाकू, तुमच्या मनाला शांती.”

मी विचारलं, “घरात कुणाला होता का आतड्याचा?”

“नाही बाई, कुणालाच नाही.”

माझी सख्खी मावशी आतड्याच्या कॅन्सरनं गेली होती. म्हणजे मला तर नक्कीच सांगतील. या भरवशावर मी आत गेले. मावशीचं नाव तोंडातून निघायच्या आत त्यांनी माझं खाणं काढलं.

मी ‘बरं’ म्हटलं. बाहेर आले. अनुराधाचा नवरा तिला हाताला धरून जिना उतरवत होता.

अनगोळला माझ्या भाड्याच्या खोलीवर आले आणि जेवले नाही. रडलेही नाही. मला हेवा वाटत होता. खरं सांगते, डॉक्टरचा राग नंतर आला. आधी अनुराधाचा हेवा आला, आणि तो पोटात घर करून बसला. तिच्या नवऱ्याचा नाही, साडीचा नाही. तिच्या भीतीचा. तिला भीती वाटली तर डॉक्टर तिची भीती घालवायला धावतो. माझी भीती मी घरी घेऊन यायची.

आणि तिच्या मेलेल्या माणसांचाही हेवा वाटला. ती एकदा म्हणाली होती, आजोबांना पोटाचा होता, आत्याला स्तनाचा, पुण्याला ऑपरेशन झालं. तिच्या घरात कोण कशानं गेलं ते सगळ्यांना पाठ. आमच्यात काय? मामा ‘पोटात गोळा उठून’ गेला. आजी ‘सुकून’ गेली. कशानं गेली ते कुणी बघितलंच नाही. मावशीचं तेवढं शेवटी मिरजेला नेलं म्हणून कळलं. आजार वारशानं येतो हे सिद्ध करायलासुद्धा आधी घरात शिकलेला डॉक्टर येऊन गेलेला असावा लागतो.

रविवारी निपाणीला गेले. आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तिचं नि मावशीचं सगळं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं. मी तिला झालं ते सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तुज्या मावशीलाबी असंच म्हणालता.”

“कोण?”

“गावातला डॉक्टर. परसाकडंनं रगात पडायचं तिला. लई दिवस. मी म्हणलं, चल दाखवू. तर त्यो म्हणाला, तंबाखूत बसतीस, तिखटजाळ खातीस, मूळव्याध न्हाय व्हणार तर काय? आत बघितलंच न्हाय त्यानं. नुसती पुडी दिली.”

“मग मावशी काय म्हणाली?”

“काय म्हणणार? व्हय म्हणाली. घरला आल्यावर तिनं तिखट सोडलं. मटण सोडलं. आळणी खाऊन खाऊन वाळली, आनि मेली.”

आईनं पाटी बाजूला ठेवली. “तिला वाटलं गं, आपलंच चुकलंय.”

ते ऐकलं आणि माझ्या आत काहीतरी ताठ झालं. कारण गेले चार दिवस मीही आळणी खात होते. कुणी सांगितलं नव्हतं. आपोआप. शिकलेली, पगार घेणारी, आणि तरी मावशीसारखीच ‘व्हय’ म्हणून आलते.

त्या दुपारी मी आईला मटण करायला लावलं. झणझणीत. दोघींनी पोटभर खाल्लं.

सोमवारी रजा टाकून परत बेळगाव. नंबर लावला. आत गेले आणि खुर्ची ओढून बसले. डॉक्टरांनी वर बघितलं.

“तू परत आलीस?”

“मला तुम्ही म्हणा. मी तुम्हाला तुम्ही म्हणते.”

डॉक्टरांनी चष्मा काढला.

“काय पाहिजे?”

“माझ्या मावशीला मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता. मिरजेला निदान झालं. आईची सख्खी बहीण. हे तुम्ही विचारलं नव्हतं. आता लिहा.”

“त्या जीनचा आतड्याशी संबंध पक्का सिद्ध झालेला नाही.”

“माहीत आहे. म्हणूनच घरात कुणाला होता का, हे आधी विचारायचं असतं. ज्यांच्या घरात आतड्याचा कुणालाच नाही त्यांनाही तुम्ही तपासणी देता.”

“त्यांची काळजी वेगळी होती.”

“कशी वेगळी?”

ते माझी फाईल चाळायला लागले. मी म्हटलं, “माझी करायची नसेल तर तसं कागदावर लिहून द्या. का करायची नाही, तेही लिहा. माझं खाणं हे कारण असेल तर तेच लिहा.”

डॉक्टरांनी पेन घेतलं आणि कोलोनोस्कोपी लिहून दिली. पुढं मला ‘तू’ म्हणाले नाहीत. ‘तुम्ही’ही म्हणाले नाहीत. नुसतं “सकाळी उपाशी यायचं” म्हणाले.

माझ्या आतड्यात दोन गाठी निघाल्या. लहान. तिथल्या तिथं काढल्या. तपासून आल्या तेव्हा कळलं की त्यातली एक पुढंमागं बिघडू शकणाऱ्या जातीची होती. ती जीनमुळं होती, मावशीच्या रक्तातून होती, की अशीच कुणालाही होते तशी होती, हे कुणालाच सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, “वेळेत सापडलं, बरं झालं.” जसं काही त्यांनीच शोधलं होतं.

अनुराधाचं आतडं स्वच्छ निघालं. ते कळलं तेव्हा मला परत हेवा वाटला. आतूनसुद्धा ती माझ्यापेक्षा नशीबवान. तिनं मला फोन केला, मनापासून केला, आणि म्हणाली, “आपण दोघी सारख्याच गं.”

मी म्हटलं, “न्हाय. जीन सारखं आहे.”

पुढं मी तिची समजूत घातली नाही.

लोक म्हणतात, हेवा करू नये, त्यानं आपलंच मन जळतं. जळू दे. मावशीनं कुणाचा हेवा केला नाही. दुसऱ्यांना काय मिळतं हे तिला दिसलंच नाही, म्हणून आपल्याला काय नाकारलं हेही कळलं नाही. मला दिसलं. आता न दिसल्यासारखं मी करणार नाही.

मावशीची मुलगी शोभा निपाणीतच असते. तिशीची आहे. दोन पोरं आहेत. रक्त तपासायला चल म्हटलं तर म्हणाली, “तितं आमाला कोन विचारतंय आक्का?” या आठवड्यात मी तिला घेऊन जाणार आहे. तिनं बोलावं म्हणून मी गप्प बसेन. तिला बोलता आलं नाही तर मी बोलेन. आणि तिची नीट तपासणी झाल्याशिवाय आम्ही दोघी त्या खोलीतून बाहेर येणार नाही.