रिकाम्या जागांच्या सुपाऱ्या

माकडांचं अँटेनाशी काय वाकडं आहे, हे मला अजून कळलेलं नाही. गंगेकाठच्या ब्रह्माघाटावरच्या आमच्या गच्चीत टीव्हीचा अँटेना कधी धड उभा राहिला नाही. क्रिकेटची मॅच असली की हमखास एखादा लालतोंड्या त्याच्यावर लोंबकळलेला. त्यामुळे माझ्या पीएच.डी.चा अँटेना गच्चीत ठेवायचा प्रश्नच नव्हता. जाळीची खिडकी आणि दणकट कडी असलेली खोली घरात एकच, ती म्हणजे देवघर. तिथे मी तो भिंतीला टेकवून ठेवला आणि तिथेच सगळं बोंबललं.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी विद्यापीठात संशोधन करत होते. उपग्रहाचा क्षीण आवाज पकडायला एरवी मोठी थाळी लागते, डिश. त्याऐवजी एका सपाट पाटावर तांब्याच्या लहान लहान चकत्या मांडायच्या, प्रत्येक चकती एक छोटा अँटेना, आणि सगळ्यांनी मिळून थाळीचं काम करायचं. पाट दाराच्या फळीएवढा, त्यावर आखलेली चौसष्ट घरं. पण सगळी घरं भरायची नव्हती, माझं संशोधन तेच होतं. भरली तर वजन वाढतं, खर्च वाढतो, तारांचं जंजाळ होतं. काही गाळली तर पाटाची नजर तेवढीच बारीक राहते. चुकीची गाळली मात्र, की जिकडचं ऐकायचंच नाही तिकडचंही ऐकू यायला लागतं. आणि एकाआड एक असं नीटनेटकं गाळाल तर भलत्याच दिशेकडून खऱ्याइतकंच जोरात! तेव्हा गाळायचं ते वेडंवाकडं, पण हिशेबानं.

हा हिशेब करता करता माझी तरुणपणाची वर्षं गेली म्हटलं तरी चालेल. विभागात कॉम्प्युटर एकच. माझा प्रोग्राम लावला, तो जरा रंगात आला, की बत्ती गुल. मग परत पहिल्यापासून. चरफडण्यापलीकडे मी काय करणार होते? पण शेवटी निम्म्याहून जास्त घरं रिकामी ठेवणारी एक मांडणी हाती लागली आणि कागदावर ती इतकी देखणी दिसली की मी सरांच्या खोलीत अक्षरशः ओरडले.

सर म्हणाले, "कागज़ पे तो सब सुंदर होता है. मोजून दाखव."

मोजायची यंत्रं आमच्याकडे नव्हती. दुसऱ्या एका शहरातून ती सरांच्या ओळखीवर नवरात्राच्या सुट्टीपुरती मिळाली. दसऱ्याला दुपारच्या गाडीनं परत जायची होती. बेत असा, की सर गंगेपलीकडे वाळूत गाडीची बॅटरी घेऊन बसतील आणि तिथून सिग्नल सोडतील. मी आमच्या गच्चीत पाट हळूहळू फिरवत राहीन आणि कुठल्या कोनाला किती ऐकू येतं ते टिपेन. फोन कुठला असायला! सरांनी लाल गमछा हलवला की ते तयार, मी पांढरा पंचा हलवला की मी तयार. हे मोजमाप झालं नसतं तर प्रबंध म्हणजे नुसती आकडेमोड, आणि पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत मला कोणी उभं केलं नसतं. अष्टमीला पाऊस लागला. नवमीला नाववाले सगळे पैलतीरावरच्या रामनगरच्या रामलीलेच्या सवाऱ्यांत अडकलेले. उरला फक्त दसरा.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. माझे वडील वैदिक. घरी विद्यार्थी येत आणि अण्णा त्यांना संथा देत. म्हणजे गुरुजींनी एकदा म्हणायचं, शिष्यानं दोनदा. कुणी अडखळला तर अण्णांचा एकच शब्द: "पहिल्यापासून." मधून उचललेलं त्यांना खपत नसे. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून घरातल्या कुठल्याही पूजेला ते कमरेला एक सुपारी खोचून बसत. पत्नी जवळ नसेल तर तिच्या जागी सुपारी, ही आपल्याकडची रीतच. पण प्रत्येक पूजेला? शास्त्रात बसतं की नाही देव जाणे, मी कधी विचारलं नाही. आणि त्या वर्षी अण्णा स्वतःच अधूनमधून अडखळायला लागले होते. विद्यार्थी खाली बघत, मी स्वयंपाकघरात भांडी वाजवत बसे.

नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पोथ्या, विळी, कात्री, जे ज्याचं साधन ते. सकाळी देवघरात पाऊल टाकलं आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. माझा पाट चौरंगावर आडवा, चकत्यांना हळदकुंकू, आणि प्रत्येक रिकाम्या घरात अक्षतांवर एक एक सुपारी!

"अण्णा! हे काय केलंत?"

"तुझं हत्यार नाही का ते?" अण्णा शांतपणे गंध उगाळत होते. "पण अर्धवट वस्तू पूजेत कशी ठेवायची? तुझं भरायचं राहिलंय, म्हणून सुपाऱ्या मांडल्या. भरलंय असं धरायचं."

"राहिलेलं नाही हो, मुद्दाम ठेवलंय!"

"मुद्दाम कोण रिकामं ठेवतं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलतेय.

मी कपाळाला हात लावला. भांडून उपयोग नव्हता. पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही, हा आमच्या घरचा नेम मला लहानपणापासून पाठ. म्हटलं, जाऊ दे, उत्तरपूजा ती केवढीशी! हळद पुसायला घटकाभर पुरे.

दसऱ्याला लख्ख ऊन पडलं. यंत्रं गच्चीत मांडून, राखणीला शेजारच्या काकूंना काठी घेऊन बसवून मी खाली आले. जिन्यातूनच पलीकडे वाळूत लाल ठिपका हलताना दिसला. सर पोचले होते.

"अण्णा, आटपा ना जरा."

अण्णा बसले. गंध, फूल, हळदकुंकू, नैवेद्य. मग हातात अक्षता घेऊन देवांना निरोप द्यायचा, या आता, पुन्हा या, असा दोन ओळींचा श्लोक. गणपतीपासून सत्यनारायणापर्यंत प्रत्येक पूजेच्या शेवटी असतो तो. पोराटोरांना येतो. अण्णांनी पहिली ओळ म्हटली आणि थांबले.

मला वाटलं, ठसका लागला असेल. त्यांनी परत ती ओळ म्हटली. परत तिथेच थांबले. मग अक्षता खाली ठेवल्या, आचमन केलं आणि पूजा पहिल्यापासून सुरू केली. गंध. फूल. हळदकुंकू. नैवेद्य. तीच ओळ. तोच थांबा.

खिडकीतून लाल गमछा दिसत होता. आधी सावकाश हलत होता, मग जोरात. ऊन डोक्यावर आलं, आणि इथे अण्णा पुन्हा आचमनाची पळी उचलत होते. माझ्या जिभेवर दुसरी ओळ नुसती वळवळत होती. पण सांगू कशी? ज्या माणसानं उभा जन्म दुसऱ्यांना अडखळताना पकडलं, त्याला पोटच्या पोरीनं श्लोक सांगायचा? तोही हा? पाट ओढून पळावं, असंही एकदा मनात आलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. चिडून बोलायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. ते आवरता आवरता, कसं कोण जाणे, मी दुसरी ओळ म्हणून टाकली.

अण्णांनी डोळे उघडले. मला वाटलं, आता पेटणार.

"पहिल्यापासून म्हण," ते हळूच म्हणाले.

मी पहिली ओळ एकदा म्हटली. त्यांनी ती दोनदा म्हटली. मी दुसरी म्हटली. तीही त्यांनी दोनदा म्हटली, मांडीवर हात ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत, त्यांच्या समोर बसणारे विद्यार्थी म्हणत तशी. मग अक्षता वाहिल्या आणि पाट जरासा हलवला.

"ने आता."

मी खिडकीतून पाहिलं. वाळूत कुणी नव्हतं. आमच्या बाजूला परतणारी नाव मधल्या धारेत होती, आणि तिच्यात उभं राहून सर सामान सावरत होते. त्यांची तरी काय चूक, गाडी गाठायची होती. प्रबंधात पुढे नुसती आकडेमोडच गेली. त्या मुलाखतीला कुणी बोलावलं नाही. माझी ती मांडणी खरी होती की नुसतीच देखणी, हे मला आजतागायत माहीत नाही.

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा मी पाटाशी बसले. अण्णा एकेक सुपारी वेचून वाटीत टाकत होते. घरं परत रिकामी होत गेली, तसं ते थबकले.

"हे मुद्दाम म्हणालीस ना?"

"हो, अण्णा."

"बरं." सगळ्या वेचून झाल्यावर ते गुडघ्यावर हात टेकून उठले. उठताना कमरेची सुपारी हाताला लागली. त्यांनी ती काढली, तळहातावर ठेवून उजेडाकडे धरली, उलटसुलट करून बराच वेळ पाहिली.

"ही कुठली गं? तुझ्या पाटावरची का?"

मी वाटी पुढे केली आणि म्हटलं, "हो अण्णा, पाटावरचीच."