इटलीचं द्राक्षासव

माझ्यासारख्या भित्र्या माणसाने उंची वाइन साठवायच्या फंदात पडू नये. पण पडलो खरा. बावीस वर्षं बोटीवर स्टुअर्ड होतो. त्यातली शेवटची नऊ एका इटालियन कप्तानाच्या हाताखाली काढली. ग्लास कसा धरायचा, वास कसा घ्यायचा हे त्याने मला शिकवलं आणि माझ्या झोपेचं खोबरं केलं. बोट इटलीत जिनोआला लागली की बाकीचे सेंट आणि चॉकलेटं घ्यायला धावायचे. मी मात्र बस पकडून डोंगरातल्या गावांत जायचो आणि तिथल्या तांबड्या वाइनच्या, बारोलोच्या, दोन बाटल्या घेऊन परतायचो. दोन-दोन करत नोकरी संपेपर्यंत एकेचाळीस झाल्या.

समुद्रकाठच्या मांडवीतल्या आमच्या घराला मागे एक जांभ्याची खोली आहे. पूर्वी तिथे आंब्याची अढी घालायचे. मी तिची खिडकी बुजवली, एसी लावला, इन्व्हर्टर घेतला आणि फळ्यांवर बाटल्या आडव्या निजवल्या. आडव्या अशासाठी, की वाइन बुचाला लागून राहिली पाहिजे. बूच सुकलं की हवा आत शिरते आणि दहा-पंधरा वर्षं जपलेला माल आंबून जातो. वाइन उन्हाने बिघडते, उजेडाने बिघडते, हादऱ्याने बिघडते. लाइट गेली की मी इन्व्हर्टरपाशी जाऊन उभा राहायचो. रत्नागिरीत राहून लाइट जाण्याला भ्यायचं म्हणजे मांडवीत राहून खाऱ्या वाऱ्याला भिण्यातली गत!

पण सगळ्यात जास्त भीती वाटायची ती आईची. माझे वडील दारूने गेले. शेवटी शेवटी सकाळच्या वेळी त्यांचे हात असे थरथरायचे, की आई त्यांना चहा अर्धाच कप द्यायची, अंगावर सांडू नये म्हणून. तेवढा पिऊन झाला की मग उरलेला अर्धा. ते गेल्यापासून आमच्या उंबऱ्याच्या आत बाटली आली नव्हती.

त्यामुळे फळ्यांवरचा तो प्रपंच बघून आईने "हे काय रे?" म्हणून विचारलं, तेव्हा मी बेधडक सांगितलं, "द्राक्षासव आहे. इटलीचं. अशक्तपणावर घेतात."

"मग त्याला एसी कशाला?"

"थंड ठेवायचं असं वर लिहिलंय."

लिहिलेलं होतं इटालियनमध्ये. आईला ते वाचता येणार नव्हतं आणि आळीत दुसऱ्या कुणालाही नाही. द्राक्षांचंच ना, मग हरकत नाही, म्हणाली ती. मी स्वतःवर खूष झालो. वर्षाकाठी एखादी बाटली उघडायचो, तीसुद्धा आई राजापूरला बहिणीकडे गेली की. मोठा शहाणा!

गेल्या वैशाखात उलटं झालं. राजापूरला मीच गेलो. बहिणीच्या बागेत आंबे उतरवायचे होते, दोन दिवसांचं काम. एसीतून पाणी ठिबकत होतं म्हणून खोलीची किल्ली आईकडे दिली आणि सांगितलं, रोज एकदा डोकावून बघ. तिसऱ्या दिवशी दुपारी एसटीने परत आलो. हातपाय न धुताच खोलीत गेलो, तर मधल्या फळीवर एक जागा मोकळी. तिथे माझा सगळ्यात जुना बारोलो होता. आणखी पाच वर्षं मी त्याला हात लावणार नव्हतो. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा जीव तुटला तो बाटलीसाठी.

"आये, इथली बाटली कुठाय?"

आई पडवीत कोकमं पसरत होती. मान वर न करता म्हणाली, "तांडेलाला दिली. सकाळीच. काल बघून आले त्याला. नुसती हाडं उरलीत रे. बायको मुलीकडे दाभोळला गेलीय, एकटाच आहे. जेवणावर वासना नाही म्हटलंन. मी सांगितलं, दोन-दोन चमचे घे, जेवणानंतर, पाण्यातून."

मी खोलीचं दार उघडंच टाकलं.

तांडेल म्हणजे आमच्या आळीच्या टोकाला राहणारे काका. उभी हयात बोटीवर तांडेलकी, म्हणजे खलाशांची मुकादमी केली आणि तेवढीच दारू प्यायली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पोटात पाणी झालं होतं. डॉक्टरांनी आमच्या देखत सांगितलं होतं, लिव्हर संपलंय, आता थेंबसुद्धा घेतलात तर इथे आणू नका. दोन वर्षं त्यांनी थेंब घेतला नव्हता. संध्याकाळी बोटी लागतात तिकडे जाणंसुद्धा सोडलं होतं, तिथे बाटल्या फुटतात म्हणून. आणि आता त्यांच्या घरात माझा बारोलो. माझ्या आईने स्वतःच्या हाताने नेऊन दिलेला!

मी धावलो. आळी ती केवढी, पण संपता संपेना. वाळू तापलेली, एक चप्पल कुठेतरी राहिली. डोक्यात एकच हिशेब, सकाळी दिली, आता चार वाजलेत. सहा तासांत माणूस काय काय करू शकतो. मेलेले असले तर? पडलेले असले तर? आईला काय सांगू? मी तिच्याशी खोटं बोललो आणि तिच्या हातून माणूस मारला, हे कुठल्या तोंडाने सांगू?

दार नुसतं लोटलेलं होतं. काका जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते, समोर बाटली. जिवंत होते. घामाने भिजलेले होते. बाटलीचं वरचं पातळ आवरण सोललेलं, आणि बूच अर्ध्यापर्यंत उकरलेलं. भुगा त्यांच्या लुंगीवर पडला होता. शेजारी जाळं विणायची सुई, दोन तुकड्यांत.

"काका, घेतलीत?"

"नाही." त्यांनी लुंगीवरचा भुगा झटकला. मग म्हणाले, "आसवाला असं बूच असतं काय रे? मी काय आसव बघितलं नाही? तुझ्या आईला ठाऊक नव्हतं, एवढं कळलं मला. म्हणून गप्प बसलो. परत आणून देणार होतो. दोनदा चपला घातल्या पायात."

"मग?"

"मग सुई घेतली." त्यांनी तुकड्यांकडे बघितलं. "अर्ध्या बुचापर्यंत पोचलो तसा वास लागला. दोन वर्षांनी लागला. तेवढ्यात सुई मोडली. मी थांबलो नाही रे, सुई मोडली. दुसरी आत फडताळात आहे, मला ठाऊक आहे कुठे आहे ती. तासभर झाला, तिचाच विचार करतोय. तू आला नसतास तर..."

मी बाटली उचलली, आत जाऊन ती दुसरी सुईसुद्धा घेतली. काकांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "आईला सांगू नको. बिचारी मायेने घेऊन आली होती."

आळीतून येताना कुणी बघू नये म्हणून बाटली शर्टाखाली धरली. घराजवळ आल्यावर ध्यानात आलं, वडील अशीच आणायचे. आई दारातच उभी होती. तिनेही ते बघितलं.

मग मी सगळं सांगितलं. काकांचं सांगायचं नव्हतं, तेही सांगून बसलो. म्हटलं, "आये, ते द्राक्षासव नाही. दारू आहे. पण तसली नव्हे गं, चांगली असते ही, जपून ठेवायची असते..."

"तुझा बापूस पण असंच म्हणायचा," आई म्हणाली. "आपली ती चांगली."

ती खाली बसली. कोकमाने लाल झालेले स्वतःचे हात बघत राहिली. "माझ्या हाताने नेऊन दिली रे मी," एवढंच दोन-तीनदा म्हणाली. ओरडली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग एकाएकी मान वर करून म्हणाली, "हात पुढे कर."

"आये, मी वर्षाला एखादी..."

"हात पुढे कर म्हणते ना."

मी दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. उन्हातून धावलो होतो, घाबरलो होतो, म्हणून थरथरत होते. तसं मी सांगितलंसुद्धा. आईने नीट बघितलं, मान हलवली आणि कोकमं गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला तिने चहा आणून माझ्यासमोर ठेवला. कप अर्धा होता.