गंगा जिथं दर्याला मिळती

मी पहिल्यांदा पुण्याला निघाले तेव्हा माय, आप्पा आणि मी परभणीच्या स्टेशनवर गाडीच्या कितीतरी आधी येऊन बसलो होतो. आमचं गाव ताडकळसच्या पलीकडं, नदीच्या काठावर. सकाळची एसटी चुकली तर दुसरीचा भरवसा नाही. मायला एसटी लागते, म्हणून तिचा चेहरा पार उतरलेला, आणि मला वाटत होतं की ती माझ्यासाठीच कासावीस झालीय. समोरच्या प्लॅटफॉर्मवर उलट्या दिशेची एक गाडी उभी होती. मायनं मला तिच्यावरची पाटी वाचायला लावली.

"नरसापूर," मी म्हणाले.

"कुठं आलं ते?"

मला काय ठाऊक! शेजारच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "लय लांब हाय, बाई. आंध्रात. आपली गंगा तिथंच मिळती दर्याला."

गाडी सुटेपर्यंत माय तिच्याकडं बघत राहिली. मी सॅकची चेन उघडझाप करत बसले होते. माझी गाडी आली तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "बनी तो बनी, न्हाई तर परभणी हायच." आपल्याकडं ही म्हण चेष्टेनं म्हणतात. आप्पांनी ती मला धीर द्यायला म्हटली, हे कळायला मला फार वर्षं लागली.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको, आपण नदीला गंगाच म्हणतो. गोदावरी हे नाव शाळेच्या पुस्तकातलं. गंगेला पाणी आलंय, गंगेवर धुणं न्यायचंय, पोरगं गंगेवर गेलंय. पुण्याच्या होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मी सांगितलं की आमचं गाव गंगेच्या काठावर आहे. खोलीतल्या पोरी पोट धरून हसल्या. "परभणीत गंगा? मग हिमालय कुठे, जिंतूरला?" मीही हसले. त्या दिवसापासून मी गोदावरी म्हणायला लागले. मग हळूहळू हायचं आहे झालं, लयचं खूप झालं, कामूनचं का झालं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. उलट प्रत्येक शब्द टाकताना मला आपण हुशार झाल्यासारखं वाटायचं, आज लाज वाटते ती याचीच.

नोकरी लागली, अमेयशी लग्न झालं, आडनाव बदललं, फ्लॅट झाला. गाव फोनवर आलं. आणि मागच्या वर्षी आप्पा गेले. मी धावत पोचले, तोंड बघायला मिळालं. पण ऑफिसात नेमकं त्याच आठवड्यात एक मोठं प्रेझेंटेशन होतं, म्हणून राख सावडायच्या आदल्या संध्याकाळीच मी परत फिरले. दादानं आमच्या घाटावरून अस्थी सोडल्या. माय काठावर उभी होती म्हणे. मी पुण्यात, एसीत, स्लाइड बदलत होते.

काही महिन्यांनी मीच मायला फोनवर म्हणाले, "तू कधी समुद्र पाहिला नाहीस. आपण दोघीच जाऊ. बोल, कुठे नेऊ?" त्या दिवशी घरी अमेयचे मित्र जेवायला होते, फोन स्पीकरवर होता. खरं सांगायचं तर मी कशी गुणी लेक आहे, हे त्यांना ऐकू जावं असंही मनात होतं.

माय म्हणाली, "रेल्वेनं नेशील का? यष्टी नको बाई."

"रेल्वेनंच नेते. पण कुठे?"

"गंगा जिथं दर्याला मिळती ना, तिथं ने."

"अगं माय, ते कलकत्त्याच्या पुढं! दोन-दोन दिवस गाडीत बसशील का? थेट बंगालात निघाली ही!"

टेबलावर हशा पिकला. फोनमधून मायही हसली. "मला काय कळतंय माय. तू म्हणशील तिथं," म्हणाली. लेकीला माय म्हणायची आपल्याकडची रीत, तीही त्या लोकांना गमतीची वाटली. मी ती समजावून सांगितली नाही.

मी गोवा ठरवलं. पुण्याहून थेट गाडी, टीममधल्या मुलींनी सुचवलेला रिसॉर्ट, फोटो छान येतात असा किनारा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ते हेच. दादानं मायला पुण्यापर्यंत आणून सोडलं. गाडीत माय खिडकीशी बसली, बोगदा आला की पदर नाकाला लावायची आणि बाहेर आलो की डोंगराकडं बघून "किती हिरवंगार हाय बग" म्हणायची. तिच्या पदराच्या टोकाला एक गाठ होती. सुपारी असेल, असं मला वाटलं.

किनाऱ्यावर पोचल्या पोचल्या मी फोन काढला. "माय, इकडे बघ, हस की!" तिचं लक्षच नव्हतं. ती पाण्याच्या कडेनं एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होती, बाजारात चुकलेलं माणूस शोधावं तशी.

"कोणत्या बाजूनं येती गं गंगा?"

"कोणती गंगा?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिला तिचंच नाव विचारलंय. "आपली गं. आप्पाला सोडलं ती."

फोन माझ्या हातात तसाच राहिला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या सुंदर किनाऱ्यावर कळलं. तिनं काशीची गंगा मागितलीच नव्हती. घराच्या मागं वाहते ती, जिच्यात मी पोहायला शिकले ती गंगा तिनं मागितली होती, आणि तो शब्द मला ऐकूच आला नव्हता. मी स्वतःच तो पुसून टाकला होता. अस्थी सोडल्या त्या दिवशी घाटावर उभी राहिले असते, तरी कळलं असतं.

मी खाली मान घालून सांगितलं, आपली गंगा पार दुसऱ्या बाजूला जाते, उगवतीकडं. पदराची गाठ मायनं तोवर सोडली होती. आत मूठभर जवारी होती. "औंदाची हाय," ती म्हणाली. "पेरली त्यांनी, काढायला न्हाईत राहिले. म्हटलं पोचवावी."

"मग टाक ना इथेच," मी गडबडीनं म्हणाले. "समुद्र सगळा एकच असतो, माय."

"तुजं पुणं अन् माजं गाव बी एकाच जमिनीवर हाय की," ती म्हणाली आणि गाठ परत आवळली.

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. उलट संध्याकाळी मला बरं वाटावं म्हणून ती रिसॉर्टच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "काढ की तुजे फोटू." मी काढला एक. तो अजून कुणाला दाखवलेला नाही.

पुढच्या सुट्टीत मी परभणीला गेले. आम्ही दोघी त्याच स्टेशनवर बसलो, या वेळी दुसऱ्या बाजूच्या प्लॅटफॉर्मवर. गाडी आली. पाटी मायनं बोटानं दाखवली, वाचली मी. तिनं बांधून घेतलेले धपाटे वाटेतल्या तेलुगू बायकांना वाटत, त्यांच्याशी हातवारे करत ती नरसापूरला पोचली. तिथून नावेनं पलीकडं, मग रिक्षानं अंतर्वेदीला, जिथं गंगा दर्याला मिळते. तिथं नदी इतकी रुंद, इतकी संथ झालेली, की आमच्या घाटावरची तीच ही, हे खरं वाटेना. नारळ विकणारी एक बाई पाण्याकडं हात करून म्हणाली, "गोदावरम्मा."

"काय म्हणायली ती?" मायनं विचारलं.

"गोदावरी. इकडं आपल्या गंगेला तेच म्हणतात."

"सासरी गेली की बदलतंच नाव," माय म्हणाली आणि माझ्याकडं पाहिलं. टोमणा होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण लागायचा तिथं लागला.

ती गुडघाभर पाण्यात उतरली. गाठ सोडून तिनं निम्मी जवारी सोडली. ओठ हलले, काय बोलली, ते त्या दोघांचं. मी काठावरच उभी होते. मला पुढं व्हायचं तोंड नव्हतं. तिनं मागं वळून हात पुढं केला, मुठीत उरलेली निम्मी.

"ये की. कामून तिथं थांबलीस? तुजा बी बाप होता त्यो."

मी बुटांसकट पाण्यात गेले.

आता कुणी गाव विचारलं, की मी सांगते, परभणी जिल्हा, गंगेच्या काठावर. लोक हसतात, चूक दुरुस्त करतात. मी त्यांना बोलू देते आणि पुन्हा गंगाच म्हणते.